गिअरबॉक्स बदलताना इंजिन उतरवायचं का?

एका गाडीमालकाचा प्रश्न आहे. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, इंजिन आडवं बसवलेलं, गिअरबॉक्स पाच गिअरचा मॅन्युअल. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर येते, क्लच दाबला की ती थांबते. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की तिसरा गिअर आपोआप निसटतो. वापरलेला, चांगला म्हणून दिलेला दुसरा बॉक्स त्यांनी आणून ठेवला आहे. एक मिस्त्री म्हणतो बॉक्स खालून काढा. दुसरा म्हणतो इंजिनासकट वरून काढा, काम सोपं जाईल. जॅक आणि स्टँड घरचे आहेत, क्रेन भाड्याने मिळू शकते. कोणाचं ऐकायचं?

आधी हे पाहू की बॉक्स खरंच गेला आहे का. न्यूट्रलमधली घरघर क्लच दाबल्यावर थांबते, म्हणजे इनपुट शाफ्ट (इंजिनाची ताकद बॉक्समध्ये आणणारा दांडा) फिरायचा थांबला की आवाज थांबतो. हे बॉक्सच्या आतल्या बेअरिंगचं लक्षण आहे. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला असता तर मी रिलीज बेअरिंगवर (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) संशय घेतला असता आणि तुम्हाला बॉक्स बदलूच दिला नसता. तिसरा गिअर निसटण्याबद्दल मात्र थोडं थांबा. इंजिन किंवा गिअरबॉक्सचं माउंटिंग फाटलं असेल, तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर सगळा गठ्ठा हलतो आणि गिअरची केबल किंवा रॉड ओढला जाऊन गिअर सुटतो. माउंटिंगवर पहार टेकवून हलवून पाहा, केबलची टोकं आणि बुश तपासा. ते ठीक असेल तर आत सिंक्रोनायझरची (वेग जुळवून गिअर गुंतवणारा भाग) बाही, गिअरचे दात किंवा ती बाही सरकवणारा फोर्क झिजलेला आहे. तुमच्याकडे दोन्ही लक्षणं एकत्र आहेत, त्यामुळे बॉक्स उतरवावा लागणार असं मी धरून चालतो.

आता मूळ मुद्दा. इंजिन काढायचं की नाही हा प्रश्न माझ्या दृष्टीने दुसरा आहे. पहिला प्रश्न हा, की बॉक्सला इंजिनापासून सरळ रेषेत मागे सरकायला जागा आहे का. बॉक्सचा इनपुट शाफ्ट क्लच प्लेटच्या स्प्लाइनमध्ये (लांब खाचांमध्ये) घुसलेला असतो, काही इंजिनांत त्याचं टोक क्रँकशाफ्टच्या मागच्या पायलट बेअरिंगमध्येही बसतं. बेलहाउसिंगची (बॉक्सचं क्लचवर बसणारं घंटेसारखं तोंड) कड प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणारा भाग) बाहेर येईपर्यंत आणि शाफ्टचं टोक प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांमधून सुटेपर्यंत बॉक्स फक्त एकाच दिशेला हलू शकतो, तो म्हणजे शाफ्टच्याच रेषेत मागे. त्याआधी तो खाली घेतला की शाफ्ट क्लच प्लेटवर लटकतो, प्लेटचा मधला भाग वाकतो, आणि गाडी जोडून झाल्यावर क्लच नीट सुटत नाही, गिअर टाकताना खरखर होते. बहुतेक आडव्या बॉक्सना हे सरळ सरकण्याचं अंतर हाताच्या पंजाच्या रुंदीएवढं, कधी त्याहून थोडं जास्त लागतं. एवढी जागा मिळत असेल तर इंजिन जागेवर राहू शकतं. मिळत नसेल आणि मिळवताही येत नसेल, तर इंजिन हलवावं लागणार. बाकी सगळे विचार याच्यानंतरचे.

म्हणूनच गाडीची बांधणी काय आहे यावर जवळजवळ सगळं ठरतं. इंजिन लांबीच्या दिशेने उभं आणि ताकद मागच्या चाकांना जात असेल, तर बॉक्सच्या मागे बोगद्यात भरपूर जागा असते. प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) काढायचा, क्रॉस मेंबर (बॉक्सला खालून धरणारा आडवा पट्टा) काढायचा, बॉक्स मागे घेऊन खाली. अशा गाडीत नुसत्या गिअरबॉक्ससाठी मी इंजिन काढत नाही. याच्या दुसऱ्या टोकाला अशा गाड्या आहेत जिथे पर्यायच नसतो. १९५९ साली आलेल्या मूळ मिनीत गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, ऑइल चेंबरमध्येच आहे आणि दोघांना एकच ऑइल आहे. तिथे दोन्ही एकत्रच बाहेर येतात. मागे इंजिन असलेल्या जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये बॉक्स इंजिनाच्या पुढे बसतो, म्हणून आधी इंजिन काढायचं, मग बॉक्स. आणि पोर्शे ९४४ किंवा १९९७ च्या कॉर्व्हेटसारख्या गाड्यांत इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या डिफरन्शियलजवळ (ताकद दोन चाकांत वाटणारा भाग), तिथे गिअरबॉक्ससाठी इंजिनाला हात लावायची गरज नसते. "इंजिन काढावंच लागतं" किंवा "कधीच लागत नाही" असं ठामपणे सांगणारा माणूस बहुधा आयुष्यभर एकाच प्रकारच्या गाड्यांवर काम करत आलेला असतो.

तुमची आडव्या इंजिनाची गाडी या दोन टोकांच्या मध्ये येते, आणि वाद होतो तो इथेच. इथे बॉक्स मागे नाही, बाजूला सरकतो, चाकाच्या दिशेला. तिकडे चेसिसचा लांब बीम असतो, वर बॅटरीचा ट्रे आणि एअर फिल्टरचा डबा, खाली सबफ्रेम, म्हणजे पुढचं सस्पेन्शन धरणारी चौकट. वरून पाहिलं तर जागा नाहीच असं वाटतं. पण ती टप्प्याटप्प्याने मोकळी होते. बॅटरी, तिचा ट्रे आणि फिल्टरचा डबा निघाला की वरची बाजू उघडते. मग इंजिनाला वरून आधार देऊन गिअरबॉक्सच्या बाजूचं माउंटिंग सोडायचं आणि ती बाजू हळूहळू खाली घ्यायची. बॉक्सचं मागचं टोक चेसिसच्या बीमच्या खाली गेलं की तो बीमच्या खालून सरळ बाहेर सरकतो. अनेक छोट्या गाड्यांत एवढ्यावर काम भागतं. भागलं नाही तर सबफ्रेम सैल करून खाली घ्यायची किंवा पूर्ण काढायची. तरीही शाफ्ट सुटत नसेल तेव्हाच इंजिन बाहेर. तुमच्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत गिअरबॉक्सचं प्रकरण उघडा आणि त्यात सबफ्रेम काढायला सांगितली आहे का एवढंच आधी पाहा. कंपनीने जो क्रम दिला आहे तो जागेचं मोजमाप करूनच दिलेला असतो.

इंजिनाला आधार कसा द्यायचा, यावर मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण बॉक्स खालून काढण्याची पद्धत सगळ्यात जास्त इथेच बिघडते. बॉनेटखालच्या दोन्ही बाजूंच्या कडांवर टेकणारा आडवा सपोर्ट बार आणि त्यातून इंजिनाच्या हुकाला लावलेली साखळी, हा खरा आधार. ऑइल चेंबरखाली जॅक आणि मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवून काम करणारे पुष्कळ आहेत. पण पातळ पत्र्याचं चेंबर आत दबलं तर ऑइल ओढणाऱ्या नळीचं तोंड अर्धवट बंद होऊ शकतं, आणि मग इंजिनाला ऑइलचं प्रेशर मिळत नाही. शिवाय जॅक खाली असला की बॉक्स काढायला जागाच उरत नाही. इंजिन एका बाजूला खाली घेताना प्रत्येक इंचाला थांबून बघा: रेडिएटरचे होज ताणतायत का, सायलेन्सरचा लवचीक तुकडा वाकतोय का, वायरिंग कुठे अडकलंय का, एसीचा पाइप कशाला टेकतोय का. सायलेन्सरचा पुढचा जोड आधीच सोडून ठेवला तर ही काळजी बरीच कमी होते.

सबफ्रेम खाली घ्यावी लागली तर दोन गोष्टी पाळाच. स्टिअरिंगच्या खांबाचा खालचा जोड सोडण्याआधी चाकं सरळ करून स्टिअरिंग बांधून ठेवा. जोड सुटल्यावर कोणी स्टिअरिंग फिरवलं तर एअरबॅगच्या वायरची गुंडाळलेली पट्टी तुटते. आणि सबफ्रेम जिथे बसली आहे तिथे बोल्टभोवती खूण करून ठेवा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढायला लागेल. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करायचीच आहे, पण सबफ्रेम चुकीच्या जागी बसली असेल तर नुसत्या अलाइनमेंटने ते सुटत नाही.

मग इंजिनासकट काढायला सांगणारा मिस्त्री चुकीचं सांगतोय का? नाही. त्याच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. इंजिन आणि बॉक्स जमिनीवर समोर असले की जोडणी डोळ्यांना दिसते, दोन्ही हात मोकळे असतात, बेलहाउसिंगचे वरचे बोल्ट सहज लागतात. क्लच बसवणं, मागचं ऑइल सील बदलणं, सगळं उभ्याने होतं. गाडीखाली पाठीवर पडून पस्तीस-चाळीस किलोचा बॉक्स स्प्लाइनमध्ये बसवणं हे कष्टाचं काम आहे, आणि एकट्याने करू नये असंच आहे.

पण इंजिन बाहेर घेण्याची किंमत बॉक्सच्या बोल्टमध्ये दिसत नाही, ती बाकीच्या जोडण्यांत असते. कूलंट काढा, रेडिएटर बहुधा बाहेर काढा, इंधनाच्या लाइनचा दाब सोडून ती उघडा, सगळं वायरिंग इंजिनापासून वेगळं करा. जुन्या गाडीत उन्हा-उष्णतेने कडक झालेले प्लास्टिकचे कपलर हमखास तुटतात, आणि एक तुटका कपलर नंतर आठवडाभर डोकं खातो. एसीचा काँप्रेसर पाइप न उघडता बोल्ट काढून बाजूला बांधून ठेवता येतो का हे आधी पाहा. बहुतेक वेळा येतो. येत नसेल तर गॅस मशीनने काढून घेतल्याशिवाय एसीची लाइन उघडू नका. तो हवेत सोडायचाही नाही आणि उघडताना अंगावर आला तर त्वचा गोठते. म्हणजे बॉक्सपुरतं पाहिलं तर काम सोपं झालं, पण एकूण सुटणाऱ्या आणि पुन्हा जोडायच्या गोष्टी कित्येक पटींनी वाढल्या. आणि सुटलेली प्रत्येक गोष्ट ही पुढे गळायची किंवा विसरायची एक जागा असते.

म्हणून मी इंजिन कधी काढतो, तर इंजिनालाही काम असेल तेव्हा. टायमिंग चेन आवाज करते, चेंबरचं पॅकिंग गळतं, हेड काढायचंच आहे, तर एकदाच सगळं बाहेर. दुसरं कारण, फायरवॉलकडचे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडचे) बेलहाउसिंगचे बोल्ट गंजून बसलेत आणि तिथे पाना धड लागत नाही. तिसरं, बॉक्स ऑटोमॅटिक किंवा चारचाकी ड्राइव्हचा आहे. नुसता ऑटोमॅटिक बॉक्स सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जाऊ शकतो, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) जोडलेली असेल तर अजून जड, आणि तेवढं वजन लिफ्टशिवाय जमिनीवरून वर नेमकं बसवणं धोक्याचं आहे. चौथं, गाडी पुरेशी उंच उचलता येत नाही. हे चौथं कारण घरी काम करणारे नेहमी विसरतात. बॉक्स सुटून जमिनीवर आला तरी तो गाडीखालून बाहेर सरकला पाहिजे, आणि बेलहाउसिंग उभं असताना त्याची उंची बरीच असते. तुमच्या हातात दुसरा बॉक्स आहेच. तो जॅकवर ठेवा, सगळ्यात उंच जागा मोजा, आणि तेवढी उंची तुमचे स्टँड पुढच्या बंपरखाली देऊ शकतात का ते पाहा.

या सगळ्यावरून तुमच्यासाठी माझं उत्तर: बॉक्स खालून, इंजिन जागेवर. मॅन्युअल बॉक्स आहे, वजन आवाक्यात आहे, इंजिनाची काही तक्रार तुम्ही सांगितलेली नाही. क्रेन भाड्याने घेण्याऐवजी सपोर्ट बार आणि गिअरबॉक्सचा जॅक, तोही पट्ट्याने बॉक्स बांधता येणारा, भाड्याने घ्या. फक्त पुस्तिकेत इंजिनासकट काढायला सांगितलं असेल किंवा वर म्हटलेली उंची मिळत नसेल, तर दुसऱ्या मिस्त्रीचं ऐका आणि वरून क्रेनने काढा. स्टँडवरच्या गाडीखालून पूर्ण गठ्ठा खाली घ्यायला मात्र जाऊ नका. त्यासाठी बॉडी खूप उंच न्यावी लागते आणि तेवढ्या उंचीवर स्टँडवरची गाडी मला भरवशाची वाटत नाही.

सुरुवात बॅटरीची निगेटिव्ह तार काढून करा. सेल्फची जाड तार फ्यूजशिवाय थेट बॅटरीला असते आणि सेल्फ तुम्ही काढणारच आहात. ड्राइव्ह शाफ्ट (बॉक्सपासून चाकांपर्यंतचे दांडे) काढण्याआधी गिअर ऑइल काढा. शाफ्टच्या दांड्याला धरून ओढू नका, आतला जॉइंट सुटून बुटात (रबरी आवरणात) निखळतो. आतला जॉइंट बॉक्सच्या बाजूने पहारीने हळूच उचका. काही बॉक्समध्ये दोन्ही शाफ्ट एकदम काढले की डिफरन्शियलच्या आतले गिअर जागेवरून फिरतात आणि शाफ्ट परत बसत नाही, म्हणून एक काढला की त्या भोकात तेवढ्याच जाडीचा डमी घालून ठेवा. हबमधून शाफ्ट काढलेला असताना गाडी चाकावर ढकलू नका, बेअरिंग खराब होतं.

बॉक्स बाहेर आल्यावर क्लचला लगेच हात घाला. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला. जुनी प्लेट अर्धी शिल्लक असली तरी एवढं काम पुन्हा करायची कोणाचीही तयारी नसते. रिलीज बेअरिंग हायड्रॉलिक असून बेलहाउसिंगच्या आत असेल तर तेही याच वेळी. क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलपाशी ऑइलचा ओलावा दिसला तर सील बदला, कोरडं असेल आणि गाडी जुनी असेल तरीही मी बदलतो. फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या मागची जड चकती) निळे डाग किंवा भेगा असतील तर तपासून घ्या. ते दुहेरी वस्तुमानाचं, म्हणजे ड्युअल मास प्रकारचं असेल तर हाताने फिरवून आणि हलवून त्याचा ढिलेपणा कंपनीच्या मर्यादेत आहे का ते पाहा. ते बहुधा खरादावर घासून घेता येत नाही, खराब असेल तर बदलावंच लागतं.

आणलेला बॉक्स चढवण्याआधी जुन्याशेजारी ठेवून बारकाईने पाहा. कोड तोच आहे का, इनपुट शाफ्टच्या दातांची संख्या आणि जाडी तीच आहे का, माउंटिंगची भोकं, स्पीड सेन्सर, रिव्हर्स स्विच जुळतात का. दिसायला सारखे दोन बॉक्स आतून वेगळ्या रेशोचे असू शकतात. गाडी चालते, पण वेग आणि आरपीएम यांचं गणित बदलतं. इनपुट शाफ्ट हाताने फिरवा, सगळे गिअर टाकून पाहा, काढलेल्या ऑइलमध्ये चमचमते कण किंवा तुकडे आहेत का ते पाहा. ड्राइव्ह शाफ्टची सील नवीन घाला.

आता जोडणी. प्लेट अलाइनमेंटच्या दांड्याने मध्यावर आणा, प्लेटची "फ्लायव्हील साइड" लिहिलेली बाजू खरोखर तिकडेच आहे ना ते बघा, आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट आळीपाळीने समोरासमोरचे कसत जा. शाफ्टच्या स्प्लाइनवर ग्रीसचा अगदी पातळ थर पुरे. जास्त झालं तर ते प्लेटवर उडतं. बॉक्स इंजिनाच्या रेषेत समांतर आणा, चौथा किंवा पाचवा गिअर टाकून आउटपुटच्या बाजूने थोडं फिरवत ढकला, स्प्लाइन जुळली की तो आपोआप आत जातो. डॉवेल पिन (जागा नेमकी जुळवणाऱ्या खुंट्या) आपल्या भोकांत बसल्या आहेत ना ते पाहा. बेलहाउसिंग आणि इंजिन यांच्यात फट असताना बोल्ट कसून बॉक्स ओढून घेऊ नका. फट म्हणजे काहीतरी जुळलेलं नाही. बोल्ट कसून ती मिटवायला गेलात तर शाफ्ट, प्लेट किंवा बेलहाउसिंगचा कान यांपैकी काहीतरी तुटतं.

तुमचा बॉक्स मॅन्युअल आहे, पण ऑटोमॅटिकवाल्यांनी हा नियम दुप्पट कडक समजावा. तिथे टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा भाग) आधी बॉक्सच्या ऑइल पंपात पूर्ण बसलेला असला पाहिजे. बसताना तो टप्प्याटप्प्याने आत जातो. बेलहाउसिंगच्या कडेपासून त्याची खोली मोजून कंपनीच्या मापाशी जुळवायची. बॉक्स इंजिनाला चिकटल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून (फ्लायव्हीलच्या जागची पातळ चकती) थोडी फट राहिली पाहिजे. फट नसताना बोल्ट कसले तर पंप फुटतो. आणि जुना ऑटोमॅटिक आतून झिजून गेला असेल तर त्याचा चुरा कूलरच्या नळ्यांत अडकलेला असतो. कूलर धुतला किंवा बदलला नाही तर तो चुरा नव्या बॉक्समध्ये जातो.

ऑइलबाबत कंपनीने जो दर्जा सांगितला आहे तोच घाला. जीएल-४ सांगितलं असताना "वरचा दर्जा" म्हणून जीएल-५ घालू नका. त्यातल्या जास्त गंधक-फॉस्फरसच्या रसायनांचा पितळी सिंक्रोनायझर रिंगवर परिणाम होऊ शकतो. गाडी सपाट उभी असताना, ड्राइव्ह शाफ्ट बसवल्यानंतर, भरण्याच्या भोकातून ऑइल बाहेर येईपर्यंत भरा. काही बॉक्समध्ये मापाने भरायला सांगितलेलं असतं, तिथे तसंच. क्लच हायड्रॉलिक असेल तर हवा काढा. हबचे नट नवीन घ्या आणि टॉर्क पान्यानेच कसा.

चाकं अजून जमिनीपासून वर असतानाच इंजिन सुरू करून सगळे गिअर एकदा टाकून पाहा, रिव्हर्सचा दिवा लागतो का पाहा, सीलपाशी थेंब येतो का पाहा. मग थोडं अंतर चालवून आणा, गाडी थंड होऊ द्या, आणि ऑइलची पातळी व माउंटिंगचे बोल्ट पुन्हा तपासा. तिसऱ्या गिअरमध्ये उतारावर पाय उचलून बघायला विसरू नका. तिथेही गिअर निसटला तर आणलेल्या बॉक्सची हमी संपायच्या आत तो परत करा.